मामांना बसवायचं कसं

भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक पगार विचारतो, माणसं किती ते विचारतो, आणि आडून आडून मांस-मासे खाता का तेही विचारतो. वेस्ट मांबलमच्या आमच्या घरमालकांनी यांतलं काहीच विचारलं नाही. ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीतून ते पुढे वाकले, माझ्या हनुवटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हें कुणी शिवलें?"

लहानपणी मी सायकलवरून पडलो होतो त्याची ती खूण. मी म्हणालो, "डॉक्टरांनी. सांगलीला."

"जेवणाची वेळ असेल."

"म्हणजे?"

"भूक लागलेल्या माणसाचे टाके आहेत हे."

मग त्यांनी माझ्या बायकोच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे तव्याचा चटका बसल्याची एक फिकट रेघ होती. लग्नाला वर्ष होत आलं तरी माझ्या ती लक्षात आली नव्हती, हे तिथल्या तिथे बायकोच्या लक्षात आलं.

"कोरफड?"

"हो. आजी रोज लावायची."

"आजींना नमस्कार सांगा. वरचा मजला तुमचा," ते तिला म्हणाले. मला त्यांनी बरोबर येऊ दिलं, इतकंच.

ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी घोड्यावरून तिकडे गेले आणि मराठी जशी नेली तशी जपून ठेवली. नंतर तिच्यात घातली ती फक्त तमिळ. मी सांगलीकडचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात, बदली होऊन मद्रासला आलेला. हो, मद्रासच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि चेन्नई तेव्हा फक्त तमिळ बोलणारेच म्हणत. मामा बोलायला लागले की मला वाटायचं, मी भाडं द्यायला नाही, खलिता घेऊन आलोय. त्यांचंही माझ्या मराठीबद्दल मत होतं. "तुमची मराठी चांगली आहे," ते एकदा म्हणाले होते, "थोडी धांवत असते."

मामा म्हणायचं हे मामींनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं. तिकडे घरमालक हा सगळ्या भाडेकरूंचा मामाच असतो.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मामांनी आजोबांची विद्या बाहेर काढली. आजोबा तंजावरला वैद्य होते, आणि त्यातही जखमांचे. ताप, खोकला, पोटदुखी यांना मामा हात लावत नसत. "आंत काय चाललें आहे तें आम्हांस काय ठाऊक? जें दिसतें तें विचारा." म्हणून त्यांच्याकडे यायची ती कापलेली, भाजलेली, खरचटलेली, सोललेली माणसं. पैसे ते घेत नसत. त्याऐवजी प्रत्येकाकडून जखम कशी झाली याची सविस्तर हकिगत घेत, आणि ती खोटी वाटली तर पट्टी जरा आवळून बांधत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, व्रण राहत. कोपऱ्यावर फुलं विकणारी बाई म्हणजे 'उकळता भात, डावें पाऊल'. समोरचा शिंपी म्हणजे 'कात्री'. एकदा मामींच्या माहेरचं कुणीतरी लग्नाचं आमंत्रण द्यायला आलं. मामांनी त्यांना ओळखलंच नाही. मग त्या गृहस्थांनी शांतपणे बाही वर केली. मामा उठून उभे राहिले. "अरे, विहिरीचा रहाट. या, या. कसे आहांत?"

औषधं तशी साधी. त्रिफळ्याच्या काढ्याने जखम धुवायची. जाईच्या पानांचं तेल, हळद, कडुनिंब, मध. कुणाला काय लावायचं ते जखम बघून ठरायचं. पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी होती. समोरच्या लाकडी स्टुलावर बसलेल्या माणसाला ते अर्धा-पाऊण तास उठू देत नसत. काढा कोमट होऊ द्या, तेल मुरू द्या, पट्टी बसू द्या. मी एकदा विचारलं, एवढा वेळ लागतोच का?

"जखम आपली आपण भरते," मामा म्हणाले. "तिला तें येतें. मध्ये येतो तो माणूस. खाजवितो, उघडून पाहतो, शेजाऱ्यास दाखवितो. औषध जखमेसाठी नसतें हो. त्या माणसाचे हात गुंतावे म्हणून असतें."

"हे तुम्ही लोकांना सांगता?"

"सांगितलें तर बसतील काय?"

त्यांचा सगळा जीव होता तो धुतलेल्या तुपावर. शतधौत घृत. गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, थंड पाणी घालून तळहाताने फेटायचं, ते पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवीन घालायचं. असं शंभर वेळा. शेवटी त्या तुपाचा वास जातो, रंग जातो, आणि ढगासारखं काहीतरी पांढरं, हलकं हाताला लागतं. भाजलेल्यावर लावायला त्यासारखं दुसरं नाही, असं मामा म्हणत. मामी म्हणत, "पट्टणांत प्यायला पाणी नाही, टँकरपुढें घागरी भांडताहेत, आणि आमच्या घरीं तुपाचें अभ्यंगस्नान." फेटायला हात लागत, आणि ते मामा भाडेकरूंचे वापरत. पंप बिघडला म्हणून तक्रार करायला खाली गेलेला माणूस कोपरापर्यंत तुपाने माखून वर यायचा. पंप तसाच.

खाली मुंग्या फार म्हणून मामींनी त्या तुपाची एक वाटी आमच्या कपाटात ठेवली होती. मला हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी पेपर वाचत असेन. रविवारी बायकोने थालीपीठ लावलं. थालीपीठ ताटात, तिच्या आईचं आदल्या दिवशी आलेलं पत्र मामींना वाचून दाखवायला ती खाली, आणि कपाट उघडतो तर समोर वाटीभर पांढरंशुभ्र लोणी. मद्रासेत येऊन सहा महिने झाले होते. सांगलीच्या माणसाने अशा वेळी काय करावं?

पहिल्या थालीपिठावर एक गोळा, दुसऱ्यावर जरा मोठा. चव कशाचीच नव्हती, पण माहेरचं लोणी आलं असेल आणि प्रवासात दमलं असेल, अशी मी समजूत घातली.

बायको वर आली, वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच पुन्हा खाली गेली. ती मामांना घेऊन आली.

"हें पोटांत घ्यावयाचें नसतें," मामा म्हणाले. "पोटांत विष होतें, असें आजोबा सांगत."

"मग आता?"

"आतां पाहूं."

ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मध्येमध्ये माझी नाडी बघत, जीभ बघत. "काय होतें?" मी म्हणे, काही नाही. "मळमळ?" नाही. "थोडी तरी?" दुपारचं जेवण त्यांनी तिथेच मागवलं. संध्याकाळी मी चहा मागितला तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. जाताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "तूप नीट धुतलें गेलें नाही." त्या तुपाच्या पहिल्या पन्नास पाण्यांना हात माझा लागला होता; पांढरं झालेलं ते मी पाहिलंच नव्हतं.

मामांच्या अंगणात एवढी जागा होती, पण त्यांनी औषधाचं एक रोप लावलं नाही. कुंडीतला पाला लाडावलेला असतो, त्यात दम नसतो, हे त्यांचं मत. औषध शोधून आणायचं. रोज सकाळी ते अनवाणी निघत. मांबलम स्टेशनच्या रुळांकडेने, रिकाम्या प्लॉटांमधून, देवळाच्या तळ्याच्या काठाने, वेष्टीचा, म्हणजे तिकडच्या लुंगीवजा धोतराचा, सोगा धरून, खाली बघत. पाला पायाला कळतो, चप्पल घातली की कळत नाही. येताना टॉवेलात कसली कसली मुळं आणि पानं. मला तर त्यातलं एक पान दुसऱ्यापासून वेगळं दिसत नसे.

तर याच फिरण्यात कधीतरी रुळांजवळची खडी त्यांच्या उजव्या अंगठ्याला लागली.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. गल्लीतल्या माणसाची कातडी जरा सोलली तरी त्यांच्या दारी येऊन सांगावं लागे. स्वतःच्या अंगठ्याबाबत मात्र त्यांनी गुप्तता पाळली. त्यांनी स्वतःवर सगळं करून पाहिलं. काढा, तेल, तूप, मध. आणि त्या प्रत्येकासाठी पाला आणायला ते रोज त्याच अंगठ्यावर मैलभर चालून जात होते. जखम दिवसा उघडायची, रात्री भरायला घ्यायची, सकाळी पुन्हा रुळांवर.

मामींना कळलं ते फरशीवरच्या डागावरून. त्या वर आल्या, मला म्हणाल्या, "रिक्षा आणा," आणि खाली जाऊन मामांना म्हणाल्या, "वेष्टी बदला. डॉक्टरकडे जावयाचें आहे." मामा कुरकुरले नाहीत. वैद्यकीतलं त्यांचं मन मोठं होतं. इंग्रजी औषधाला ते कधी नावं ठेवत नसत.

पुढच्या रस्त्यावरचा डॉक्टर तरुण होता. त्याने पाय पाहिला, रक्त तपासायला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला पुन्हा बोलावलं. साखर भरपूर निघाली. रोज साफ करून पट्टी बांधायची, या गोळ्या, भात मोजका, जखमेवर सध्या दुसरं काही लावायचं नाही. "आणि पूर्ण विश्रांती. या पायावर चालायचं नाही. चालत राहिलात तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल असं मी सांगू शकत नाही."

मामांनी गोळ्या हातात घेऊन वास घेतला. "कडू आहेत?"

"आहेत."

"मग चांगल्या असतील," ते म्हणाले, आणि सगळं कबूल केलं. फक्त विश्रांतीच्या बाबतीत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर जिन्यात मामींनी मला थांबवलं. "यांच्या वडिलांचें असेंच झालें होतें. पाय गेला. मग खुर्चींत बसून राहिले. मग तेही गेले. हे तेव्हां लहान होते, रोज पाहत होते." त्यांनी खालच्या दाराकडे पाहिलं. "म्हणून यांना खुर्चींत बसवत नाही. रोगी समोर असला तरच बसतात."

दुसऱ्या दिवशी मामा पहाटे पसार झाले. तिसऱ्या दिवशी मामींनी सगळ्या वेष्ट्या बादलीत भिजवल्या, तर टॉवेल नेसून गेले. चौथ्या दिवशी फाटकाला कुलूप लावलं. मामांनी ते ओलांडलं, आणि येताना फाटकावर अडकलेल्या पोष्टमनच्या पोटरीला कुठलातरी पाला लावून आले. पट्टी रोज बदलायची, आणि रोज ती रक्ताने ओली असायची. शेवटी डॉक्टरने पट्टीकडे एकदा पाहिलं. मग कागदावर एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहून त्याने मामींकडे दिलं. तो कागद मामींनी देवापाशी ठेवला.

मग मामींनीच उपाय काढला. संध्याकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "रोगी समोर असला की हे उठत नाहीत. तर रोगी हवेत. सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत, एक गेला कीं दुसरा."

"पण मामी, गल्लीत एवढ्या जखमा आणायच्या कुठून?"

मामींनी माझ्याकडे, मी हिशेबात नापास झाल्यासारखं पाहिलं. "जखमा कशाला हव्यात? रोगी हवेत म्हटलें मी."

फुलवाली तयार झाली, शिंपी तयार झाला, आणखी घरोघरी मामी स्वतः जाऊन आल्या. "त्यांना कांही कळूं देऊं नका," एवढंच प्रत्येकाला बजावलं. माझ्याकडून तर देवासमोर वचन घेतलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, असं त्यांचं आणि माझ्या बायकोचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा फाटकाशी पोचले तो समोर फुलवाली, पाऊल धरून. हार ओवताना सुई पायात गेली म्हणे. पायात कशी गेली, हे तिने फार रंगवून सांगितलं. मामा परत फिरले, खुर्चीत बसले, काढा मागवला. तिची पट्टी होते न होते तोच शिंपी, कोपर घेऊन. मग कुणाची बोटं, कुणाचा गुडघा. माझी बायको घोटा मुरगळून, भिंतीला धरत धरत अशी आली की मीच धावलो. दुपारी मामा जेवायला उठले तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि रुळांवर जाण्याइतकं ऊन कुणालाच सोसणारं नव्हतं.

हे रोज चाललं. मद्रासच्या त्या गल्लीएवढी दुर्दैवी गल्ली तेव्हा जगात नसेल. अर्ध्या लोकांच्या अंगावर मामांच्या जुन्या वेष्टीच्या पट्ट्या, आणि संध्याकाळी त्याच लोकांची मुलांबरोबर क्रिकेटची मॅच. बाहेरून आलेला पाहुणा विचारी, इथे काही दंगल झाली का?

माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं, नुसती पट्टी नको. काम केलं तर नीट करावं. तळव्यावर कुंकू आणि तेल कालवून लावलं. रंग फार देवळातला दिसायला लागला म्हणून त्यात रात्रीच्या रसमचा तळाचा गाळ मिसळला. आरशात पाहिलं तर मलाच घेरी आली. बायको म्हणाली, "राहू दे हो, नुसतं दुखतंय म्हणा." मी ऐकलं नाही.

मामांनी माझा हात हातात घेतला. चष्मा नाकावर सरकवला. काढ्याने धुवायच्या आधी तळवा नाकाशी नेला, पुन्हा नेला. मग अगदी नेहमीसारखी, सावकाश, पदर काढून पट्टी बांधली. गाठ मारताना ते माझ्या कानाशी आले.

"रसमांत मिरें अधिक झालें आहे."

मी तळवा मिटायला गेलो, पण पट्टी आड आली. 

"पंचवीस वर्षें विमा कंपनींत मी अपघाताचे दावे तपासले," मामा हळू आवाजात म्हणाले. "लोक मोटारीखालीं येऊन आलेले असत आणि मोटार घरीं असे. पहिल्याच दिवशीं फुलवालीनें सुई सांगितली तेव्हां ओळखलें. सुई लागली म्हणाली उजव्या पायास, आणि लंगडत होती डाव्यानें." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली. "तिला सांगूं नका. तिनें फार खटपट केली आहे."

"मग तुम्ही बसता कशाला मामा? उठून जायचं."

"लोक इतक्या दुरून लंगडत येतात," ते म्हणाले. "समोरचा शिंपी सकाळी अगोदर गल्लीच्या टोकापर्यंत नीट जातो, आणि तेथून लंगडत येतो. तो आला आणि मी नाही, तर बरें दिसतें काय? देवाची शपथ घ्या, सांगणार नाही म्हणून."

मी घेतली. एकाच देवासमोर, एकाच घरात, दोन विरुद्ध शपथा घेतलेला मी एकटाच असेन.

आता ऐका खरी गंमत. किंवा खरी जखम म्हणा.

पुढच्या आठवड्यात बायको जरा शेजारी गेली होती आणि मला चटणी करायची हुक्की आली. तिकडची विळी म्हणजे लाकडावर उभा केलेला कोयताच. नारळाचा तुकडा सटकला, आणि बोट नारळाच्या जागी गेलं. चांगलं खोल. मी टॉवेल गुंडाळून जिना उतरलो, आणि ओट्यावर पोचेपर्यंत टॉवेल लाल झाला होता.

मामांनी टॉवेल बाजूला करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां. आज रंग जमला. मागच्यापेक्षां पुष्कळ सुधारणा आहे. कशाचा केलात?"

"मामा, हे खरं आहे."

"असेंच म्हणावें. चेहराही चांगला केला आहे."

"मामा, खरंच कापलंय."

त्यांनी वाकून वास घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं, त्यांनी बोट दाबून धरलं, हात माझ्या डोक्याच्या वर नेला आणि ते उठले. उजव्या पायावर. "वेट्टुकाय पूंडू पाहिजे, ताजा. पलीकडच्या प्लॉटावर आहे, आतां आणितों."

मामी दारात उभ्या होत्या. त्या मामांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी सकाळीच डॉक्टर म्हणाला होता, कडा आत यायला लागल्यात, अजून थोडं सांभाळा. पट्टी पहिल्यांदाच कोरडी निघाली होती.

मामा एका पायावर टेकून उभे. माझ्या बोटातून थेंब गळतोय. समोर रस्ता ओलांडला की प्लॉट. आजोबांचा सगळा धर्म त्यांना म्हणत होता, जा. 

मग ते खाली बसले. खुर्ची करकरली. "तुम्ही जा," ते मला म्हणाले.

"मी?"

"हात वर धरून जा. मी येथून सांगतों."

गल्लीने पाहिलं ते असं: हिशेब खात्यातला एक माणूस, डावा हात वर करून, शपथ घ्यावी तसा, रिकाम्या प्लॉटमध्ये गुडघाभर गवतात, आणि ओट्यावरून एक म्हातारा ओरडून त्याला चालवतोय.

"डावीकडे. तुमचें डावें. पांढरें-पिंवळें फूल, लांब देंठावर एकच."

"हे का?"

"तें गाजरगवत. पुढें."

"हे?"

"ती कुणाची तरी चप्पल आहे. खालीं पहा, खालीं. पान कातरलेलें, अंगावर लव."

मी एक उपटून वर धरलं. लांबून मामा खुर्चीत ताठ झाले. "तेंच. आणा."

ओट्यावर आल्यावर त्यांनी पाला चुरून रस पिळला, जोराने चोळला, आणि मी ओरडलो तो त्या वासाने. दगडी पाला. शाळेत असताना गुडघे फुटले की आम्ही हाच थुंकी लावून चोळत असू. सांगलीच्या मैदानावर मी हा शेकडो वेळा तोडला होता, आणि इथे नाव तमिळ आहे म्हणून मी गाजरगवताला हात घातला.

रक्त थांबलं. मामांनी पट्टी बांधली, तिन्ही बाजूंनी पाहिली, आणि म्हणाले, "आतां डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताची सुई घेऊन या. वेळ लावूं नका."

"पाला पुरेसा नाही का?"

"विळी गंजलेली आहे. आजोबांच्या काळीं सुई नव्हती, नाहीतर त्यांनी पहिल्यांदा तीच टोचिली असती."

दारातून मामी अजून हलल्या नव्हत्या. मामा खुर्चीतून त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "कॉफी मिळेल काय? बसून बसून घसा सुकला." मामी आत गेल्या. त्या दिवशी कॉफी यायला नेहमीपेक्षा बराच उशीर झाला, आणि आली तेव्हा मामींचे डोळे लाल होते. त्यांनी साखर घातली नव्हती. मामांनी चव घेऊन तोंड वाकडं केलं, पण पेला संपवला.

आणखी काही आठवड्यांनी एके दिवशी डॉक्टरने पट्टी काढली आणि पुन्हा बांधलीच नाही. अंगठा राहिला. वाकडा, जांभळा, पण सगळा. श्रेयावरून घरी थोडा वाद झाला. डॉक्टर म्हणाला गोळ्यांनी. मामी म्हणाल्या वैद्यनाथाला बोललेल्या नवसाने. मामा अंगठ्याकडे बघत राहिले, एखादा जुना ओळखीचा भेटावा तसे. डॉक्टरने त्यांना चपला घालून कोपऱ्यापर्यंत चालायची परवानगी दिली.

म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर मामा खुर्चीत. शेजारी वेष्टीच्या फाडलेल्या पट्ट्यांची चळत.

"फिरायला नाही गेलात?"

"ती अजून लोक पाठविते आहे," ते कुजबुजले. "आज मी एकाएकी उठून गेलों तर तिला कळेल कीं मला ठाऊक होतें. वाईट वाटेल. जाऊं द्या थोडे दिवस."

मागच्या दारी मामी वांगी चिरत होत्या. मी म्हणालो, "मामी, आता लोकांना सांगून टाकू ना? बास झालं."

"आज पहाटे स्वतः खुर्ची पुसून बसले आहेत," मामी म्हणाल्या. "कुणी आलें नाही तर त्यांना कसें वाटेल? जाऊं द्या थोडे दिवस."

दोन्ही शपथा माझ्या छातीत एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. मी त्यातली एक मोडली. "मामी, मामांना सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून."

मामींची विळी थांबली नाही. "मग? मला ठाऊक नाही होय?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशीं. खोट्या जखमेला ते कधीं मध लावीत नाहीत, मध महाग. कुणालाच लाविला नाही."

मी उंबऱ्यावर बसलो. "त्यांना ठाऊक, तुम्हाला ठाऊक, गल्लीला ठाऊक. मग हे आता चाललंय कुणासाठी?"

मामींनी वांग्याच्या फोडी पाण्यात सोडल्या आणि पदराला हात पुसले. "तें तुम्ही विचारूं नका. जातां जातां तेवढें शिंप्याला सांगा, आज कोपर नको. परवां कोपरच होतें. गुडघा आण म्हणावें. आणि तुम्ही वर काय करतां? फुलवाली गेली कीं तुमचाच नंबर आहे."

मी शिंप्याला निरोप दिला, जिना चढून वर गेलो, आणि केव्हाच बऱ्या झालेल्या बोटाभोवती पट्टी गुंडाळायला लागलो. गाठ मला एका हाताने मारता येत नव्हती. बायकोने मारली, आणि म्हणाली, "जाताना जरा कण्हत जा."